लतीफभाईंच्या खुणा

"कंपनीत तुम्ही नेमकं काय करायचात?" हा प्रश्न मला माझ्या जावयानंही विचारला आहे. 'कामगार कल्याण अधिकारी' असं सांगितलं की लोक मान डोलावतात, आणि चहा संपता संपता पुन्हा विचारतात, "पण म्हणजे नेमकं काय?"

माझ्या आईला हा प्रश्न कधी पडला नाही. आमच्या गावी, लासूर स्टेशनला, शेजारणींना ती सांगायची, "पोरगं कंपनीत लोकांचं बरं करतं." वडील तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि शहरात फिरत्या खुर्चीवर बसलेलाही पहिलाच. ती खुर्ची मी बरीच वर्षं फिरवली नाही. उगाच झिजायची.

कारखान्यात ठराविक संख्येच्या वर कामगार असले की कायद्यानं असा एक माणूस नेमावाच लागतो. पगार मालकाचा घ्यायचा आणि बाजू कामगारांची. त्यामुळं मालकांना तो कामगारांचा वाटतो, कामगारांना मालकांचा, आणि कँटीनच्या आचाऱ्याला तो दोघांचाही हेर वाटतो. गिऱ्हाइकं तर अशी यायची की विचारू नका. एकानं तक्रार आणली की कंपनीची बस पहाटे त्याच्या दारात हॉर्न वाजवते, शेजारी उठतात आणि त्याच्या बायकोशी भांडतात. तरी बस शेजाऱ्याच्या दारात थांबवावी. मी थांबवली. पुढच्या आठवड्यात तो शेजारी माझ्यासमोर बसला होता. तो आमच्याच काय, कुठल्याच कंपनीत नव्हता.

दुष्काळाच्या वर्षांत माझं काम दुप्पट झालं. शहर चहूबाजूंनी वाढत होतं, नवनव्या वसाहती उठत होत्या, आणि नळाला मात्र आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी. कामगार डब्याच्या पिशवीतून घरचं धुणं आणायचे आणि शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या न्हाणीघरात धुवायचे. आमचे पर्सोनेल मॅनेजर धारूरकर साहेब एकदा तिथं गेले, तर खिडकीच्या गजांवर साड्या वाळत होत्या.

"सोनवणे," ते मला म्हणाले, "हा कारखाना आहे का धोबीघाट?"

"साहेब, पाणी बोअरचं आहे," मी म्हणालो.

"आणि साड्या?"

"साड्या कामगारांच्या आहेत, साहेब."

साहेब हसले नाहीत, पण साड्याही निघाल्या नाहीत. धारूरकर साहेब म्हणजे जुन्या कारकुनी घरातला माणूस. बोलणं कडक, इस्त्री त्याहून कडक. आत माणूस होता, पण तो बाहेर यायला वेळ घ्यायचा.

आता फुटबॉलचं सांगतो, कारण माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं संकट ना संपातून आलं, ना अपघातातून. ते फुटबॉलमधून आलं.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडं दुसरी एक कंपनी होती. तिचं नाव आमच्याकडं कुणी घेत नसे. 'समोरचे' म्हणायचे. दोन्ही कंपन्या फुटबॉलचे संघ ठेवून होत्या. कागदावर खेळाडू हेल्पर किंवा फिटर असायचा, दुपारी दोनला त्याला सरावासाठी सोडलं जायचं, आणि त्याच्या यंत्रावर उभं राहणारा माणूस त्याला तोंडावर शिव्या द्यायचा आणि सामन्याला पहिल्या रांगेत बसायचा. दरवर्षी वसाहतीतल्या कंपन्यांची स्पर्धा व्हायची. संघाचा व्यवस्थापक म्हणून मी. मला चेंडू गोल असतो एवढं ठाऊक होतं, पण 'कल्याण' या शब्दात काहीही बसतं.

आमचा गोलकीपर वाहिद. उंच, लाजाळू, चेंडू दिसला की मात्र वाघ. मैदानावर पाणी मारणं दुष्काळामुळं बंद होतं, जमीन तव्यासारखी कडक. वाहिदनं पँटीच्या आतून कमरेला आणि गुडघ्याला गोणपाट शिवून घेतलं होतं. तो चालायला लागला की ज्वारीचं पोतं चाललंय असं वाटायचं.

वाहिद टेंपररी होता, आणि त्याचं लग्न त्यावर अडलं होतं. मुलगी गुलमंडीच्या कापडवाल्या करीमशेठची. दोघांचं ठरलेलं, घरच्यांचंही ठरलेलं, पण करीमशेठ तारीख द्यायला तयार नव्हते. मी एकदा वाहिदचा साहेब म्हणून त्यांच्या दुकानी गेलो. त्यांनी चहा पाजला, माझ्या शर्टाचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, "साब, लडका हीरा है. लेकिन टेंपररी है. मैं ग्राहककू टेंपररी रंग का कपडा नै बेचता, मेरी बेटी टेंपररी आदमीकू कैसे देऊं?"

मी तेच वाक्य धारूरकर साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला.

"ट्रॉफी आणा," ते म्हणाले. "याच वर्षी. समोरच्यांना हरवून आणा. मी वाहिदची परमनंटची ऑर्डर काढतो."

मी बाहेर आलो आणि पाहतो तर वाहिद दाराशी उभा. त्यानं ऐकलं होतं. त्या दिवशी सरावात त्यानं स्वतःच्याच संघाच्या पुढच्या फळीला एकही गोल करू दिला नाही. पुढची फळी माझ्याकडं तक्रार घेऊन आली.

अडचण एकच होती. आदल्या वर्षी अंतिम सामन्यात समोरच्यांनी आम्हाला धुतलं होतं, आणि तेही असं की जणू आमच्या मनातलं त्यांना दिसत होतं. चेंडू उंच टाकायचा ठरला की त्यांचे लोक आधीच मागं गेलेले. बाजू बदलायची ठरली की ते आधीच त्या बाजूला.

आमचा कोच लतीफभाई. ते कारखान्यात क्रेनवर खलाशी होते. खलाशी म्हणजे खाली उभा राहून वरच्या क्रेन ऑपरेटरला हातानं खुणा करणारा माणूस. शेडमध्ये एवढा आवाज असतो की हाक ऐकू येत नाही. तर्जनी वर करून फिरवली की 'उचल', तळवा खाली दाबला की 'हळूहळू उतरव', हात एका बाजूला ओढला की 'इकडं घे', मूठ आवळली की 'थांब'. वर बसलेला ऑपरेटर त्या हातावर भरवसा ठेवून टनांनी वजन हलवतो. लतीफभाईंच्या तोंडात कायम पान, त्यामुळं शेडच्या बाहेरही ते हातानंच बोलायचे. घरी भाजीत मीठ कमी असलं तरी बोट वर करून फिरवतात, असं त्यांच्या बेगम सांगायच्या.

मैदानावरही त्यांनी तेच सुरू केलं. 'उचल' म्हणजे उंच चेंडू, 'उतरव' म्हणजे जमिनीवरून, 'इकडं घे' म्हणजे या बाजूनं, मूठ म्हणजे चेंडू धरून थांबा. खेळाडू सगळे शेडमधलेच, त्यांना शिकवावं लागलं नाही. आम्हाला वाटायचं, काय झकास गुप्त भाषा आहे!

"कुणीतरी फोडलंय," धारूरकर साहेब म्हणाले. "मला खबर आहे, समोरच्यांनी गेल्या वर्षी आपल्या कोचचं शूटिंग केलं. पाण्याच्या टँकरवर बसून. आपणही करायचं. त्यांच्या सेमीफायनलचं. त्यांच्या कोचच्या खुणा मला हव्यात."

"शूटिंग कोण करणार, साहेब?"

"ते कल्याणमध्ये येतं," साहेब म्हणाले.

शहरात तेव्हा व्हिडिओ कॅमेरा म्हणजे लग्नवालेच. मला बाळू शूटिंगवाला माहीत होता, कारण निम्म्या कंपनीची लग्नं त्यानंच काढली होती. तो मैदानावर आला तो खांद्यावर कॅमेरा, हातात मोठा दिवा, आणि दिव्याची वायर कुठं लावायची असं विचारत. वर वैशाखाचं ऊन.

"बाळूराव, दिवा कशाला?"

"साहेब, चेहऱ्यावर तेज येतं." मग त्यानं मैदानाकडं पाहिलं. "नवरीकडचे कोण आणि नवऱ्याकडचे कोण?"

"निळे कपडेवाले समोरचे. त्यांचा कोच बघा, तो टोपीवाला. फक्त त्याच्यावर कॅमेरा ठेवायचा."

"म्हणजे मुलीचा मामा समजा."

"समजा."

"काळजीच करू नका. पण साहेब, माझा एक नियम आहे. दोन्ही बाजूंचं एकही माणूस कॅसेटमधून सुटत नाही. पुन्हा तक्रार नको."

मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

दोन्ही सेमीफायनल एकाच दिवशी, एकाच मैदानावर होत्या. आधी समोरच्यांची, मग आमची. समोरचे जिंकले, आम्हीही जिंकलो. म्हणजे फायनल ठरल्यासारखी त्यांच्याशीच. दोन दिवसांनी बाळू कॅसेट घेऊन आला. ट्रेनिंग हॉलचे पडदे ओढले, धारूरकर साहेब वही घेऊन पुढं बसले, मागं सगळा संघ.

पडद्यावर आधी एक गुलाब उमलला. त्यातून सनई वाजली. मग बदामाच्या आकारात समोरच्यांचा सेंटर फॉरवर्ड दिसला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"स्वागत," बाळू म्हणाला.

पुढं समोरच्यांचा कोच दिसला. त्यानं हात वर केला, आणि नेमका तेव्हा कॅमेरा वळून प्रमुख पाहुण्यांच्या पत्नीवर गेला. त्या भेळ खात होत्या. मैदानात गोल झाला, ओरडा झाला, बाई खातच राहिल्या. पुढच्या वेळी कोचनं दोन बोटं दाखवली आणि कॅमेरा गेला पंचांच्या बुटांवर.

"अहो, कोच कुठाय?" साहेब ओरडले.

"साहेब, त्यांना आधीच दोन वेळा घेतलं होतं. सारखं एकाच माणसाला घेतलं की बाकीचे रुसतात."

मग कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरत गेला. बाळूनं खरंच कुणाला सोडलं नव्हतं. शेवटी तो पाण्याच्या टँकरवर चढला. टँकरच्या माथ्यावर डोक्याला टॉवेल बांधलेला, तोंडापुढं वर्तमानपत्र धरलेला एक माणूस बसला होता. बाळूचा आवाज आला, "काका, जरा इकडं बघा, हसा." वर्तमानपत्र खाली आलं. ते धारूरकर साहेब होते. त्या दिवशी साहेब मुंबईला मुख्य कचेरीत असल्याचं त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

मागून वाहिद एवढंच म्हणाला, "अच्छे दिख रहे साब."

साहेबांनी वही मिटली. "बंद करा."

"थांबा साहेब, पुढं आहे," बाळू म्हणाला. "कॅसेट उरली होती म्हणून मी दुसऱ्या सामन्यातले पाहुणेही घेतलेत."

दुसरा सामना म्हणजे आमचा. पडद्यावर समोरच्यांचे खेळाडू रेषेबाहेर बसून आमचा खेळ बघत होते. त्यांच्या मधोमध एक मिशाळ माणूस फुटाणे खात होता. बाळू एवढा जवळ गेला होता की फुटाण्यांचा आवाजही ऐकू येत होता. आणि तो माणूस लतीफभाईंकडं बघत निवांत बोलत होता:

"उचल म्हनला... ह्ये बघ, उचलला. आता उतरव म्हनतोय. हळू, हळू. आता डाव्या अंगाला घे म्हनतोय... थांब म्हनला. पान संपलं वाटतं."

शेजारी बसलेला समोरच्यांचा कप्तान विचारत होता, "काशिनाथमामा, तुम्हाला कसं कळतं वो?"

"त्यात काय कळायचं? मीबी खलाशीच हाय की."

लतीफभाई खुर्चीतून उठले. "अरे, ये तो अपना काशिनाथ! मेरेच हाथ के नीचे सीखा!"

धारूरकर साहेब हळूहळू मागं वळले. "लतीफभाई, म्हणजे आपली गुप्त भाषा सगळ्या वसाहतीला येते?"

"सबकू नै साब. सिर्फ क्रेनवालोंकू."

"आणि क्रेन कोणकोणत्या कंपनीत आहे?"

लतीफभाईंनी थोडा विचार केला. "सबमें."

शूटिंग ना त्यांनी केलं होतं, ना त्यांना करायची गरज होती. टँकरवरचा कॅमेरावाला ही अफवा होती. टँकरवर चढलेला एकमेव हेर आमचाच निघाला.

साहेबांनी तिथंच उपाय काढला. "उलट करा. 'उचल' दाखवायचं आणि चेंडू खालून खेळायचा. 'इकडं' दाखवायचं आणि तिकडं न्यायचं. काशिनाथ वाचत बसू दे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फारच हुशारीचं वाटलं.

सराव सुरू झाला. लतीफभाई दुपारभर मैदानावर उलटे हात करायचे आणि सकाळी शेडमध्ये सुलटे. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी खलाशांचे सगळे डबे एका लोखंडी पेटीत ठेवलेले होते आणि ती पेटी क्रेनला लटकलेली होती. लतीफभाईंना ती खाली हवी होती. त्यांनी बोट वर करून फिरवलं. पेटी वर गेली. त्यांनी जोरात फिरवलं. पेटी छताला टेकली.

वर ऑपरेटर गणपत शिंदे. तो आमच्याच संघात उजव्या बाजूला खेळायचा. त्यानं क्रेन बंद केली, खिडकीतून डोकं काढलं आणि शेडभर ओरडला, "चचा, आज शेडचा हात हाय का मैदानाचा? आधी ते सांगा, मग हलवतो!"

डबे तासभर छताला होते. लोक खाली उभे राहून वर बघत भाकरीच्या वासावर बोलत होते. सगळे हसले. लतीफभाई हसले नाहीत.

ते थेट माझ्याकडं आले. त्यांनी पान थुंकलं, म्हणजे बोलायचं होतं. "साब, आज डब्बे थे. कल नीचे आदमी रहेगा. ये हाथ झूठ सीख गया तो मैं खलाशी नै रहा. मेरेकू ये उलटा खेल नक्को."

"मग वाहिदचं काय, लतीफभाई?"

ते खाली बघू लागले. वाहिद त्यांच्या मागंच आला होता, गोणपाट खुसखुसत. तो म्हणाला, "चचा, आप हाथ सीधा रखो. मेरे निकाह के वास्ते किसीका जनाजा नै होना."

मी साहेबांना सांगितलं की फायनलला आमचा कोच खुणाच करणार नाही. हात खिशात घालून उभा राहील.

"सोनवणे," साहेब म्हणाले, "तुम्हाला त्या पोराचं लग्न व्हायला हवंय ना?"

"हवंय साहेब."

"मग हे कुठलं कल्याण?"

फायनलपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

फायनलच्या दिवशी सगळी वसाहत लोटली होती. लतीफभाई रेषेवर उभे, दोन्ही हात खिशात. पलीकडं काशिनाथ त्यांच्या कप्तानाच्या मागं, डोळे लतीफभाईंच्या खिशावर. आणि झालं असं की दोन्ही संघ त्या खिशाकडंच बघत राहिले. आमच्या पोरांना खुणेशिवाय खेळायची सवय नव्हती, त्यांच्या पोरांना आमच्या खुणेशिवाय. एवढा भिकार फुटबॉल मी पुन्हा पाहिला नाही. लतीफभाईंनी नाक पुसायला हात काढला तर त्यांचे दोन बॅक मागं पळाले. वाहिदनं तेवढ्यात दोन-तीन चेंडू अंग झोकून अडवले म्हणून आम्ही वाचलो. प्रत्येक उडीला गोणपाटातून धुराळा निघायचा.

उत्तरार्धात पिण्याचं पाणी संपलं. लोकांनी गलका केला म्हणून टँकर मागवला. टँकर आमच्या बाजूनं, लतीफभाईंच्या पाठीमागून, रिव्हर्समध्ये यायला लागला. ड्रायव्हरला मागचं दिसेना. गर्दीत बायका-पोरं उभी. कुणीतरी ओरडलं, "अरे, बघा की कुणी मागं!"

वीस वर्षं खलाशी असलेला माणूस अशा वेळी खिशात हात ठेवू शकत नाही. लतीफभाई मैदानाकडं पाठ करून वळले, दोन्ही हात वर काढले आणि सुरू झाले: इकडं घे, इकडं घे, अजून, अजून...

काशिनाथ उठून ओरडला, "ह्या बाजूनं! सगळं ह्या बाजूनं! लई मोठा डाव हाय!"

समोरच्यांचा सगळा संघ आमच्या बाजूच्या रेषेकडं धावला. खरं सांगायचं तर आमचाही धावला, त्यांनीही तीच खूण पाहिली होती. पलीकडच्या बाजूला एकटा गणपत शिंदे राहिला, कारण तो खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. चेंडू त्या वेळी वाहिदच्या हातात. त्यानं एकदा टँकरकडं पाहिलं, एकदा गणपतकडं, आणि असा लाथाडला की चेंडू सगळ्या गर्दीच्या डोक्यावरून जाऊन गणपतपुढं पडला. गणपत अर्धी नाडी बांधलेल्या बुटानं पळाला. गोलात चेंडू आणि बूट दोन्ही गेले.

लतीफभाईंनी मूठ आवळली. टँकर थांबला. मग त्यांनी मागं वळून विचारलं, "क्या हुआ?"

समोरच्यांनी तक्रार केली की टँकर हा आमचा कट होता. पंचांनी ड्रायव्हरला बोलावलं.

"हे तुला खुणा करत होते का?"

"व्हय साहेब. आन् लई चांगल्या केल्या. नायतर आज दोघं-चौघं चाकाखाली असते."

गोल कायम राहिला. शेवटच्या मिनिटांत समोरच्यांनी आमच्या गोलाचं पार मोंढ्याचं फाटक करून टाकलं, सगळे एकदम आत. वाहिदनं काहीही आत जाऊ दिलं नाही. ट्रॉफी आमची झाली. धारूरकर साहेबांनी, माझ्या डोळ्यांदेखत, लतीफभाईंना मिठी मारली आणि इस्त्रीच्या शर्टावर पानाचा डाग घेऊन घरी गेले.

इथंच गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं.

त्याच महिन्यात वसाहतीचं पाणी निम्म्यावर आणलं. आमची एक शिफ्ट बंद झाली. मुख्य कचेरीनं कळवलं, नवीन कुणालाही कायम करायचं नाही. ट्रॉफी फाटकाजवळच्या काचेच्या कपाटात चमकत होती आणि वाहिद तिच्यापुढून रोज टेंपररीच आत जात होता. मी साहेबांकडं गेलो.

"मी शब्द दिला होता, सोनवणे," साहेब म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज कडक नव्हता. "तीनदा फोन केला. ऐकत नाहीत."

आठ-दहा दिवसांनी वाहिद माझ्या टेबलाशी आला. "साब, समोरवाले बुला रहे. सीधा परमनंट बोले. उनकी बोअरकू पानी है, शिफ्ट बंद नै. मेरेकू जाना नै है. लेकिन... आप बोलो."

मी आमच्या कंपनीचं अन्न खात होतो. तिनं एका हमालाच्या पोराला खुर्ची दिली होती. आमचा सर्वांत चांगला खेळाडू हातानं समोरच्यांना द्यायचा? मी उठून पुन्हा साहेबांच्या केबिनशी गेलो. दार अर्धं उघडं होतं. साहेबांना बातमी लागलेली दिसत होती, कारण मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "सोनवणे, तुम्ही विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल. तेव्हा विचारू नका. तुमचं काम तुम्ही करा."

मी परत येऊन वाहिदला म्हणालो, "जा."

तो रडला. मला वाटतं मीही. मग आम्ही दोघं नवी ऑर्डर घेऊन गुलमंडीला करीमशेठकडं गेलो. मला वाटलं, आता पेढे. करीमशेठनी चष्मा लावून कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ये तो समोरवालों की कंपनी है."

"पण परमनंट आहे, शेठ," मी म्हणालो. "तुम्हीच म्हणाला होता."

"मैं बोला था. लेकिन साब, उस दिन मैं दुकान बंद करके फायनल देखने आया था. गला बैठ गया मेरा तुम्हारी टीम के वास्ते चिल्ला-चिल्ला के. अब मैं दुश्मनों में बेटी देऊं?"

वाहिदनं माझ्याकडं पाहिलं. एवढा घाबरलेला चेहरा मी त्याचा पेनल्टीलाही पाहिला नव्हता. मी पाऊण तास बोललो. पगार सांगितला, बोअरचं पाणी सांगितलं, रजा सांगितल्या. शेवटी आतल्या पडद्यामागून एक बाईमाणूस खाकरलं, मोठ्यानं आणि स्पष्ट. ती मुलगी होती का तिची आई, मला आजही ठाऊक नाही. करीमशेठनी पडद्याकडं पाहिलं, कागद घडी करून वाहिदच्या खिशात घातला आणि तारीख दिली. अट एकच: दोन्ही कंपन्यांचा सामना असेल त्या दिवशी जावयानं सासरी जेवायला यायचं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा आम्हीच समोरासमोर आलो. करीमशेठ आमच्या बाजूला, माझ्या शेजारी बसले होते. आमच्या पोरांनी जीव तोडला, पण वाहिद समोरच्यांच्या गोलात होता आणि तिथून काहीच आत जात नव्हतं. एका गोलनं आम्ही मागं. अगदी शेवटी गणपतनं असा चेंडू मारला की मी आणि करीमशेठ दोघंही गोल म्हणून उभे राहिलो. वाहिदनं आडवी झेप घेऊन तो बोटांच्या टोकांनी बाहेर काढला.

करीमशेठ मटकन बसले. दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मारा, साले ने मारा हमकू," असं पुटपुटत राहिले. आमच्या बाजूला सगळीकडं शांतता. मग थोड्या वेळानं मला शेजारी हळूच टाळ्यांचा आवाज ऐकू आला, अगदी मांडीच्या खाली लपवून वाजवल्यासारखा. मी वळून पाहिलं.

करीमशेठनी नजर चुकवली.

"क्या करूं साब," ते म्हणाले, "बेटी का घर है."